मागच्या बेडरूमची खिडकी ३×४ की ४×४? आणि फिक्स ग्रील असेल तर आगीत बाहेर कुठून पडायचं?

नवघर_जळगाव
राम राम मंडळी. जळगावात रो-हाऊसचं काम चालू आहे. प्लॉट २०×४५ फूट, तळमजला अधिक एक. वीटकाम खिडकीच्या सीलपर्यंत (खालच्या कडेपर्यंत) आलंय, म्हणून घाईत विचारतोय.

मागची बेडरूम आतून १०×११ फूट. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांची घरं, त्यामुळे बाहेर उघडणारी भिंत एकच, मागची १० फुटांची. तिच्यामागे ५ फूट मोकळी जागा, मग कंपाउंड. मंजूर नकाशात खिडकी ४×४ आहे. ठेकेदार म्हणतो ३×४ करू, बाजूला कपाट बसेल, मोजायला कोण येतंय. खिडकी टू-ट्रॅक स्लायडिंग, बाहेरून फिक्स ग्रील, आणि उन्हाळ्यात त्याच खिडकीत कूलर. वरच्या मजल्यावर हीच खोली, हीच खिडकी.

नियमाने बेडरूमला किती खिडकी लागते? अमेरिकेत ५.७ चौरस फुटांचा नियम आहे असं वाचलं, तो काय प्रकार आहे आणि आपल्याकडे तसं काही आहे का? ३×४ केली तर नेमकं काय बिघडतं?

नकाशावाला
नियमात 'बेडरूम' असा वेगळा प्रकार नाही, 'निवासयोग्य खोली' आहे. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ प्रमाणे घरात अशी एकच खोली असेल तर ती निदान ९.५ चौरस मीटर आणि रुंदी २.४ मीटर. दोन असतील तर एक ९.५ ची, दुसरी ७.५ पर्यंत चालते, रुंदी २.१ मीटर. उंची २.७५ मीटर, म्हणजे साधारण ९ फूट. तुमची खोली १०.२ चौरस मीटर भरते, तिथे काळजी नाही.

खिडकीचं माप खोलीच्या क्षेत्रफळावर ठरतं आणि हवामानाप्रमाणे बदलतं. कोरड्या उष्ण भागात एक दशांश, दमट उष्ण भागात एक षष्ठांश, मधल्या हवामानात एक अष्टमांश. दारं यात धरत नाहीत, चौकट धरतात. तुमच्या ११० चौरस फुटांना हे अनुक्रमे ११, पावणेचौदा आणि अठराच्या थोडं वर होतं... थांबा, क्रम उलटा लिहिला: दशांश ११, अष्टमांश १३.७५, षष्ठांश १८.३ चौरस फूट.

३×४ म्हणजे १२. दशांशाच्या हिशेबात कागदावर बसते म्हणून ठेकेदार बिनधास्त आहे. पण संहितेत पुढे असंही आहे की खिडकीचा काही भाग स्थिर असेल तर उघडणारा भागच धरायचा. टू-ट्रॅक स्लायडिंगची अर्धी बाजू कायम काचेआड राहते. काटेकोर धरलं तर ३×४ ची उघडी जागा ६ चौरस फूट आणि ४×४ ची ८. म्हणजे स्लायडिंगमध्ये तुमची मंजूर ४×४ सुद्धा अकराला पोचत नाही. तीच ४×४ दोन पाखांची (बिजागरीवरच्या झडपांची), बाहेर उघडणारी केली तर पूर्ण १६.

आपला भाग कोरडा की मधला, या वादात न पडता मी षष्ठांशाच्या जवळ जाईन. मागची भिंत पश्चिमेला असेल तर मात्र मे महिन्यात मोठी काच म्हणजे भट्टी. कोरड्या उष्ण भागाला कमी प्रमाण दिलंय ते याच कारणाने. तसं असेल तर वर २ फुटांचा छज्जा घ्याच.

मोजायला कोणी येत नाही हे अर्धसत्य आहे. मंजूर नकाशात दारं-खिडक्यांचा तक्ता असतो. भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी, किंवा पुढे घर विकताना बँकेच्या मूल्यांकनकाराने जागेवरची खिडकी तक्त्याशी ताडली तर तफावत तुमच्या नावावर, ठेकेदाराच्या नाही. मोठी करायची असेल तरी आर्किटेक्टला सांगून सुधारित नकाशात दाखवा.

आणखी एक. खिडकी उघड्या जागेत किंवा उघड्या व्हरांड्यात उघडली पाहिजे. डक्ट संडास-बाथरूमला चालते, झोपायच्या खोलीला नाही. रो-हाऊसमध्ये नेहमीचा घोटाळा म्हणजे मागच्या ५ फुटांवर दोन वर्षांनी पत्रे टाकून धुण्याची जागा करतात. त्या दिवसापासून ती बेडरूम नियमाने आंधळी.

बंबवाला
वरचा हिशेब उजेड-वाऱ्याचा झाला. माणूस बाहेर पडतो की नाही हा वेगळा हिशेब आहे, आणि आपल्याकडे लहान घराच्या खिडकीला तो कोणी लावत नाही. आपली संहिता सुटकेसाठी दार, जिना, मार्गाची रुंदी यावर बोलते. बेडरूमच्या खिडकीतून निघता आलं पाहिजे अशी सक्ती तुमच्या रो-हाऊसवर नाही. फिक्स ग्रील म्हणून तर राजरोस बसते.

अमेरिकेच्या निवासी संहितेत झोपायच्या प्रत्येक खोलीला सुटकेची एक उघडी जागा लागते. खिडकी पूर्ण उघडल्यावर मिळणारी निव्वळ मोकळी जागा किमान ५.७ चौरस फूट, जमिनीलगतच्या खिडकीला ५. रुंदी किमान २० इंच, उंची किमान २४ इंच, आणि उघड्या जागेची खालची कड फरशीपासून ४४ इंचांपेक्षा वर नको. इथे बरेच जण फसतात: २०×२४ केलं की झालं असं वाटतं. २० गुणिले २४ म्हणजे ४८० चौरस इंच, जेमतेम ३.३ चौरस फूट. दोन्ही किमान मापं एकत्र घेतली तर नापास. रुंदी २० ठेवली तर उंची ४१ लागते, उंची २४ ठेवली तर रुंदी सव्वाचौतीस. ब्रिटनचं माप लहान आहे: ०.३३ चौरस मीटर, रुंदी-उंची कुठेही ४५० मिलिमीटरपेक्षा कमी नको, कड फरशीपासून ११०० मिलिमीटरच्या आत. अमेरिकेचं माप मोठं, कारण ते पाठीवर सिलिंडर घेतलेला जवान आत शिरेल असं धरून काढलंय.

आता तुमची खिडकी. सील ३ फुटांवर आणि लिंटेल (वरची तुळई) ७ फुटांवर, म्हणजे कडेची उंची ३६ इंच, ठीक. ४×४ टू-ट्रॅकमध्ये चौकट आणि पाखाची पट्टी वजा जाता मोकळी रुंदी २० ते २१ इंच मिळते, उंची ४४ च्या आसपास. २०×४४ म्हणजे ६.१ चौरस फूट, काठावर पास. ३×४ मध्ये रुंदी उरते १४-१५ इंच. अमेरिकेत नापास, ब्रिटनमध्येही नापास, आणि जाड अंगाचा माणूस खांद्याला अडकणार. ठेकेदाराच्या त्या एका फुटात एवढं जातंय.

पण बाहेर फिक्स ग्रील असेल तर ४×४ असो नाहीतर ८×४, मोकळी जागा शून्य. आधी ग्रीलचं बघा. अमेरिकेत गज लावायला मनाई नाही. आतून किल्ली, हत्यार किंवा काही खास माहिती न लागता उघडले पाहिजेत, ही मुख्य अट.

हे सगळं कशासाठी, तर रो-हाऊसला मुख्य दार एकच, समोर. आणि हल्ली त्याच दाराशी, पोर्चमध्ये नाहीतर जिन्याखाली, रात्रभर ई-स्कूटर चार्जिंगला. जिना त्याच हॉलमधून वर जातो. आग तिथे लागली तर धूर आधी जिन्यात भरतो आणि मागच्या खोलीतला माणूस मागेच राहतो. रात्री बेडरूमचं दार लावून झोपा, धुराला तेवढा अडसर होतो आणि खिडकीशी जायला वेळ मिळतो. पॅसेजच्या छताला बॅटरीवरचा धूर-अलार्म लावा, कोपऱ्यापासून फूटभर सोडून, स्वयंपाकघराच्या अगदी तोंडाशी नको, नाहीतर फोडणीला बोंबलतो आणि मग घरातलेच बॅटरी काढून ठेवतात.

नवघर_जळगाव
३×४ चा विषय संपला, ठेकेदाराला आजच सांगतो. पण ग्रील उघडती केली तर चोरांचं काय? मागे गल्ली आहे. आणि वरच्या मजल्यावरून ग्रील उघडून उडी मारायची का?

चार_सूत
ग्रीलचं मी सांगतो.

पूर्ण ग्रील उघडती करू नका, जड होते आणि कालांतराने लोंबते. फिक्स ग्रीलमध्येच एक पाखं काढा, आतून मोकळं २१×४२ इंच. चौकट एक इंची अँगलची, २५×२५×३. गज चार सूत चौरस, म्हणजे १२ मिलिमीटर. २१ इंचांत चार उभे गज टाकले की पाच गाळे पडतात, प्रत्येक पावणेचार इंचांच्या थोडं वर. लहान पोराचं डोकं त्यातून जात नाही. दोन आडव्या पट्ट्या. सगळं मिळून साडेनऊ-दहा किलो भरतं. दोन बिजागऱ्यांवर पेलतं, तरी तीन लावा. बुशवाल्या घ्या, पत्र्याच्या नको. बुशची पिन वरून ठोकून निघू नये म्हणून पाखं बसवल्यावर पिनेच्या डोक्यावर वेल्डिंगचा एक टिपका मारून घ्यायचा.

बिघडतं कुठे ते आधी ऐका. स्लायडिंग उजवीकडे उघडतं आणि ग्रीलचं पाखं मधोमध केलेलं असतं. फॅब्रिकेशनवाला सरळ मध्य धरतो, दिसायला छान दिसतं म्हणून. मग काच उघडल्यावर अर्धं पाखं काचेमागेच. काच सरकून जी बाजू मोकळी होते, बरोबर तिच्यासमोर पाखं पाहिजे. थ्री-ट्रॅक घेऊन तिसऱ्यावर जाळी असेल तर जाळीही सरकून दुसऱ्या बाजूला जाते का बघा. काही ठिकाणी जाळी स्क्रूने कायमची मारून टाकतात.

दुसरं, उघडायची दिशा. स्लायडिंगला ग्रील बाहेर, तर पाखं बाहेरच उघडणार. पाखांची, बाहेर उघडणारी खिडकी घेतली तर ग्रील आतल्या अंगाला येते, तेव्हा ग्रीलचं पाखं खोलीत उघडायला हवं, आणि मग तिथे पलंगाची उशाकडची फळी येता कामा नये. बाहेर पिंजरा काढला असेल तर पाखं पिंजऱ्याच्या दर्शनी बाजूला काढा. आत कुंड्या भरून ठेवल्या तर उपयोग नाही.

चोराचं: अडसर एकच ठेवा, सरकता, पाच सुती सळईचा. वर एक खाली एक असे दोन नको, अंधारात दुसरा सापडत नाही. अडसराभोवती १६ गेजच्या पत्र्याची डबी, तोंड खोलीकडे, आणि दोन्ही अंगांना पत्रा फूटभर पुढे न्या. शेजारच्या गाळ्यातून हात घातला तरी मनगट वळून अडसरापर्यंत जात नाही. उंची फरशीपासून साडेतीन-चार फूट, दहा वर्षांच्या पोराचाही हात गेला पाहिजे. कुलूप लावायची हौस असेल तर गावाला जाताना लावा. घरात माणूस झोपलेला असताना कुलूप लावून किल्ली देवघरात ठेवायची असेल तर फिक्स ग्रीलच बसवा, पैसे तरी वाचतील.

रंगवाला बिजागरीवर ऑइलपेंटचे दोन हात मारतो आणि पाखं जाम. बुशमध्ये ग्रीस भरून वर चिकटपट्टी लावा, मग रंगू द्या. पुढे मृग लागायच्या आधी एकदा आणि दिवाळीच्या साफसफाईत एकदा तेल. त्या वेळी डोळे मिटून उघडून बघा. चाचपडावं लागलं तर अडसराची जागा चुकलीय.

नकाशावाला
चार_सूत यांनी सांगितलेल्या मापाला एक जोड. जमीन काळी असेल तर भिंत हलते, आणि भेग पहिली खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघते. चौकट किंचित तिरपी झाली तरी स्लायडिंग अडतं, म्हणजे सुटकेचीच खिडकी बंद. सीलच्या पातळीला ३ इंच जाडीचा आरसीसी पट्टा सलग फिरवून घ्या, काम नेमकं तिथेच थांबलंय तुमचं. लिंटेल दोन्ही बाजूंना निदान ६ इंच भिंतीत बसवा. सळई आरसीसी डिझाइनवाल्याने दिलेलीच टाका. अॅल्युमिनियमची चौकट सिमेंटात घट्ट चिणू नका, भोवती ३-४ मिलिमीटर फट ठेवून सिलिकॉन भरा.

जमत असेल तर ४×४ ऐवजी ५×४ करा. १० फुटांच्या भिंतीत दोन्हीकडे अडीच-अडीच फूट उरतात. स्लायडिंगमध्ये मोकळी रुंदी २६ इंचांवर जाते, आणि पाखांची केली तर २० चौरस फूट, षष्ठांशाचा प्रश्नच मिटला. कपाट शेजाऱ्याच्या बाजूच्या ११ फुटी भिंतीला लावा, तिला तसंही काही काम नाही.

कूलर सुटकेच्या खिडकीत अजिबात नको. भरलेली टाकी, लोखंडी स्टँड, वर तारेने बांधलेला. धुरात तो कोण ढकलणार? त्याच्यासाठी बाजूला वेगळं भोक ठेवा, कूलरच्या तोंडाच्या मापाचं, साधारण २×२ फूट, वर स्वतःचा लहान लिंटेल, हिवाळ्यात लावायला आतून झाकण. याने कूलरही नीट चालतो. कूलरला बाहेरची हवा आत आणि खोलीतली दमट हवा बाहेर जायला वाट लागते. एकच खिडकी त्याने अडवली की खोली नुसती चिकट होते. कूलरचा पॉइंट भिंतीत स्वतंत्र घ्या, अर्थिंगसह, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच). एक्स्टेन्शनवर नको. पाण्याशेजारची ढिली पिन तापली की आग मागच्या बाजूनेच सुरू व्हायची.

गच्चीवाला
वरच्या मजल्याबद्दल. उडी मारायची वेळ येऊ नये. खान्देशात जुनी धाब्याची घरं एकाला एक लागून असायची, माणूस एका धाब्यावरून गल्लीच्या टोकापर्यंत जायचा. रो-हाऊसला तीच सोय गच्चीवर आहे, मधली भिंत कमरेएवढीच असते. पण गच्चीच्या दाराला कुलूप असतं आणि किल्ली खाली हॉलमध्ये, जिथे आग. भाऊ, गच्चीनी किल्ली वरला जिनामाच टांगा. त्याहून बरं म्हणजे आतून नुसती कडी.

बंबवाला
गच्चीवाल्यांचं बरोबर आहे, फक्त जिना धुराने भरला असेल तर गच्चीपर्यंत जाता येत नाही. जिना हे धुराडंच असतं. म्हणून वरच्या बेडरूमलाही खिडकी लागतेच.

हिशेब करा. जोतं २ फूट, मजला १० फूट, म्हणजे वरची फरशी जमिनीपासून १२ फूट, ३.६६ मीटर. ब्रिटनमध्ये ४.५ मीटरपर्यंतच्या फरशीला खिडकीतून सुटका मान्य आहे, त्याच्या आत आहात. खालच्या खिडकीचा छज्जा जमिनीपासून ९ फुटांवर येतो. खिडकीतून पाठमोरं उतरून छज्ज्यावर बसायचं, मग कडेला लोंबकळलं की पायाखाली तीनेक फूट उरतात. धडधाकट माणसाला जमतं, म्हाताऱ्यांना नाही. म्हणून छज्जा २ फुटांचा पूर्ण घ्या, दीड फुटात पाय मावत नाही, आणि मागच्या भिंतीला १२ फुटी शिडी आडवी टांगून ठेवा. शेजाऱ्यालाही सांगून ठेवा कुठे आहे ते, कारण ती लावणारा बहुतेक तोच असेल.

मागचे ५ फूट तिन्ही बाजूंनी बंद असतील तर बाहेर पडूनही अडकलात. अमेरिकेच्या नियमात सुटकेची जागा रस्त्याला नाहीतर रस्त्याला जोडलेल्या अंगणाला उघडावी लागते. तुमच्या मागे गल्ली आहे म्हणता, तर कंपाउंडला अडीच फुटी लोखंडी दार काढा, आतून कडी.

नवघर_जळगाव
सगळ्यांचे आभार. ५×४ नक्की करतोय, स्लायडिंग, पोरं लहान आहेत म्हणून काचेची पाखं बाहेर उघडणारी नको. सीलच्या पट्ट्याचं उद्याच बोलतो. चार_सूत दादा, ग्रीलची ऑर्डर आत्ताच द्यायची का? फॅब्रिकेशनवाला माप मागतोय. आणि पाखं डावीकडे की उजवीकडे?

चार_सूत
आत्ता देऊ नका. नकाशावरची ५×४ आणि गिलावा झाल्यावरची ५×४ यात पाऊण-एक इंचाचा फरक पडतोच. आधी गिलावा, मग स्लायडिंग बसवा, काच सरकवून बघा, मोकळी झालेली जागा टेपने मोजून भिंतीवर खडूने खूण करा, आणि ते माप द्या. पाच फुटीत पाखं २४×४२ करता येईल, मग उभे गज पाच टाका, चार नको.

बाजू अशी ठरवा: खोलीच्या दारातून आत आल्यावर पलंगाला वळसा न घालता ज्या बाजूला हात पोचतो ती. ती बाजू उघडणारी काच आतल्या ट्रॅकवर घ्यायला सांगा. आणि उघडं पाखं कूलरच्या स्टँडला आपटणार नाही हे बघा. ५ फुटांच्या बोळात २४ इंचांचं पाखं उघडलं की बाजूला तेवढी जागा लागतेच. कूलरचं भोक बिजागरीच्या उलट्या बाजूला काढा.